आईपण उपजत की शिकलेले? जहांगीराच्या सारसांपासून जुन्नरच्या उसापर्यंत

१/
इ.स. १६१८. मोगल बादशहा जहांगीर गुजरातेत, अहमदाबादेस मुक्कामाला होता. त्याच्याजवळ सारस पक्ष्यांची एक पाळीव जोडी होती. लैला आणि मजनू ही तिची नावे. त्या वर्षी मादीने अंडी घातली, पिल्ले बाहेर आली, आणि बादशहाने स्वाऱ्या, नजराणे व नेमणुका यांच्या नोंदींच्या जोडीने या पक्ष्यांचा संसारही आपल्या ‘तुझुक-ए-जहांगिरी’ या आत्मचरित्रात टिपून ठेवला.

२/
या नोंदी आजही थक्क करतात. रात्रभर मादी अंड्यांवर बसते आणि नर जवळ उभा राहून पहारा देतो. उजाडले की नर येऊन चोचीने तिची पाठ खाजवतो. मग ती उठते आणि तिच्या जागी तो बसतो. पाळी कोण केव्हा बदलते, कोण कोणाला उठवते, हे सारे बादशहाने पाहिले. पक्षीशास्त्र हा शब्दही रूढ नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे. पुढे सलीम अलींनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली.

३/
मात्र या प्रसंगातला सर्वांत महत्त्वाचा भाग पुढे आहे. नर सारस आपल्या पिल्लाला चोचीने पायाला धरून उलटे उचलतो, असे बादशहाच्या दृष्टीस पडले. हा बाप पिल्लाला मारून टाकील, अशी शंका त्याला आली. त्याने हुकूम दिला : नराला वेगळे ठेवा, पिल्लांजवळ फिरकू देऊ नका.

४/
काही काळाने त्यालाच आपल्या निष्कर्षाची खात्री वाटेना. मग त्याने परीक्षा म्हणून नराला पुन्हा पिल्लांत सोडवले. नराची माया मादीहून तसूभरही कमी नाही, असे दिसून आले. ते उलटे उचलणे म्हणजे क्रौर्य नव्हते, हे बादशहाने प्रांजळपणे लिहून ठेवले.

५/
प्राण्याच्या वागण्याचा माणसाने आपल्या समजुतीने अर्थ लावायचा, त्या अर्थावर विसंबून पिल्लू आईबापांपासून तोडायचे, आणि ती समजूत चूक ठरली की त्यांना पुन्हा एकत्र आणायचे. जहांगीराने हा प्रवास एका विणीच्या हंगामात पुरा केला. विसाव्या शतकातील प्राणिसंग्रहालयांना त्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षे लागली. त्या चाळीस वर्षांचा, आणि त्यातून हाती आलेल्या एका उत्तराचा हा धागा आहे.

६/
प्रश्न साधा दिसतो. आईपण उपजत असते की शिकावे लागते? मांजर पहिल्याच खेपेला पिल्ले चाटते, मानेला धरून हलवते, पाजते. तिला कोणी शिकवलेले नसते. त्यामुळे सर्व सस्तन प्राण्यांत हे ज्ञान रक्तातच असते, असे बराच काळ गृहीत धरले गेले. या गृहीतकाला पहिला मोठा धक्का दिला तो गोरिलांनी.

७/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत जे गोरिला होते, ते सगळे आफ्रिकेच्या जंगलातून पकडून आणलेले होते. पूर्ण वाढलेला गोरिला जिवंत पकडणे जवळपास अशक्य. म्हणून पिल्ले पकडली जात. पिल्लू मिळवायचे तर आई आणि तिच्या मदतीला धावणारे कळपातले मोठे गोरिला बहुधा मारले जात. अशी आणलेली पुष्कळ पिल्ले लवकरच दगावत. जी जगत, ती एकटी किंवा फार तर एका सोबत्यासह मोठी होत. पिल्लू कसे सांभाळतात, हे त्यांनी पुन्हा कधीही पाहिलेले नसे.

८/
२२ डिसेंबर १९५६. अमेरिकेतील ओहायो राज्यातील कोलंबस प्राणिसंग्रहालय. वॉरन थॉमस हा पशुवैद्यकाचा विद्यार्थी तेथे रखवालदाराचे काम करीत असे. सकाळच्या फेरीत त्याला मिली या गोरिला मादीच्या पिंजऱ्यात जमिनीवर एक पिल्लू दिसले. ते अजून गर्भवेष्टनातच होते आणि आई त्याच्यापासून दूर होती. थॉमसने तिला बाजूला काढले, वेष्टन फाडले आणि पिल्लाच्या तोंडाला तोंड लावून श्वास दिला. पिल्लू जगले. बंदिवासात जन्मलेले जगातील हे पहिले गोरिला.

९/
कोलंबस आणि ओहायो या नावांची आद्याक्षरे जोडून त्या मादी पिल्लाचे नाव ‘कोलो’ ठेवले गेले. ती बाटलीच्या दुधावर, माणसांच्या मांडीवर वाढली. तिला बाळाचे कपडे घालत आणि तिला पाहायला लोकांची रीघ लागे. हा विजय मोठा होता, यात शंका नाही. कोलो साठ वर्षांची होऊन जानेवारी २०१७ मध्ये वारली. परंतु त्या गर्दीत एक प्रश्न मागे राहिला : मिलीने आपले पिल्लू जवळ का घेतले नाही?

१०/
तेव्हा या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असत. बंदिवासाने मादीची प्रवृत्ती बिघडते. ही आई निर्दय आहे. पिल्लाला तिच्यापासून धोका आहे. म्हणून पिल्लू काढून घेणे हाच शहाणपणा मानला जाई. पिल्लू दुर्मीळ, मौल्यवान आणि लोकांना प्रिय. ते आईजवळ ठेवून जोखीम कोण पत्करणार?

११/
१९५९ च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडमधील बाझल प्राणिसंग्रहालयात गोरिलाचा युरोपातील पहिला जन्म झाला. आईचे नाव अकिला आणि मादी पिल्लाचे नाव गोमा. अकिलाचे वागणे मिलीपेक्षा वेगळे होते. तिने पिल्लू टाकले नाही, मारले नाही, उलट हातांत धरून ठेवले. अडचण इतकीच की पिल्लू छातीशी कसे धरायचे, त्याचे तोंड स्तनापर्यंत कसे पोहोचू द्यायचे, हे तिला उमगत नव्हते. पिल्लू जवळ होते, पण उपाशी होते.

१२/
संग्रहालयाचे संचालक अर्न्स्ट लांग हे पशुवैद्य होते. त्यांनी गोमाला स्वतःच्या घरी नेले आणि कुटुंबात वाढवले. मात्र त्यांच्या लक्षात एक गोष्ट राहिली : अकिलाजवळ माया होती, रीत नव्हती. माया नसलेली आई आणि रीत न शिकलेली आई यांत फार मोठा फरक आहे. पहिलीवर इलाज नाही. दुसरीला पुन्हा संधी देता येते.

१३/
ती संधी १९६१ च्या एप्रिलमध्ये आली. अकिलाला दुसरे पिल्लू झाले, नर, नाव जाम्बो. या वेळी ते तिच्याजवळच राहू दिले गेले. आणि अकिलाने त्याला नीट धरले, पाजले, वाढवले. बंदिवासात स्वतःच्या आईने वाढवलेले हे जगातील पहिले गोरिला. आई तीच, पिंजरा तोच. बदलला होता तो तिचा अनुभव.

१४/
याच सुमारास अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हाच प्रश्न प्रयोगशाळेत विचारला जात होता. त्याआधीचा काळ समजून घेतला पाहिजे. जॉन वॉटसन या वर्तनवादी मानसशास्त्रज्ञाने १९२८ च्या आपल्या पुस्तकात आईबापांना सल्ला दिला होता की, मुलांचे लाड करू नका, त्यांना उगाच कुरवाळू नका. मूल आईला चिकटते ते ती दूध देते म्हणून, हा त्या काळचा प्रचलित सिद्धान्त. पाश्चात्त्य देशांत अनेक रुग्णालयांत तर आजारी मुलांना आईबापांनी भेटण्यावरही कडक मर्यादा असत.

१५/
हॅरी हार्लो यांनी ऱ्हिसस माकडांची नवजात पिल्ले आईपासून वेगळी करून त्यांच्यासमोर दोन नकली ‘आया’ ठेवल्या. एक उघड्या तारांची, दुसरी मऊ कापडाने गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला लावलेली असली, तरी पिल्ले दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडी आईला बिलगून राहत. भीती वाटली की धावही तिच्याकडेच. १९५८ मध्ये हार्लो यांनी हे निष्कर्ष अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात मांडले. स्पर्श हा दुधाइतकाच मूलभूत आहे, हे आता आकड्यांनी सिद्ध झाले होते.

१६/
या संशोधनाने इंग्लंडमधील जॉन बोल्बी यांच्या विचाराला बळ मिळाले. आई आणि मूल यांच्या बंधावर ते याच काळात लिहीत होते. १९५९ मध्ये ब्रिटनच्या प्लॅट समितीने रुग्णालयातील मुलांना आईबापांनी केव्हाही भेटू द्यावे, अशी शिफारस केली. माकडांच्या पिंजऱ्यात आणि रुग्णालयाच्या बालकक्षात विचारला जाणारा प्रश्न एकच होता.

१७/
हार्लो यांच्या कामाचा दुसरा भाग मात्र अंधारा आहे. आईविना, एकलकोंड्या पिंजऱ्यांत वाढलेल्या माद्या मोठ्या होऊन स्वतः आया झाल्या, तेव्हा त्यांतील काहींनी पिल्लांकडे ढुंकून पाहिले नाही. काहींनी त्यांना इजा केली, आणि काही पिल्ले दगावली. १९६० च्या दशकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मिलीबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले, पण त्यासाठी जाणूनबुजून उद्ध्वस्त केलेल्या प्राण्यांची किंमत मोजावी लागली. प्राण्यांवरील प्रयोगांच्या नीतीवर पुढे जो वाद पेटला, त्यात हार्लो यांचे नाव आजही घेतले जाते.

१८/
याच प्रयोगांत एक आशेची बाजूही होती. पहिल्या पिल्लाच्या बाबतीत अपयशी ठरलेल्या त्या माद्यांपैकी काही जणी दुसऱ्या पिल्लाशी बऱ्या वागल्या. एकाकी वाढलेल्या माकडांना वयाने लहान, निरोगी माकडांच्या सहवासात ठेवले, तेव्हा त्यांच्यातही बरीच सुधारणा झाली. म्हणजे जे शिकायचे राहून गेले होते, ते सोबत मिळाली तर काही अंशी उशिराही शिकता येत होते.

१९/
एका तपशिलाचा भारताशी थेट संबंध आहे. ऱ्हिसस हे उत्तर भारतातील माकड. अमेरिकेतील प्रयोगशाळांसाठी या माकडांची भारतातून कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे. १९७८ मध्ये मोरारजी देसाई पंतप्रधान असताना भारत सरकारने ही निर्यात पूर्णपणे थांबवली.

२०/
प्रयोगशाळेने शिकण्याची गरज दाखवली. शिकणे प्रत्यक्षात कसे घडते, हे मात्र जंगलातच पाहावे लागणार होते. जुलै १९६० मध्ये जेन गुडॉल आजच्या टांझानियातील गोम्बे येथे पोहोचल्या. तेथील चिंपांझींत फ्लो नावाची एक वयस्क मादी होती. १९६४ मध्ये तिला फ्लिंट हे पिल्लू झाले, तेव्हा तिची मुलगी फिफी लहान होती. फिफी तासन्‌तास आईजवळ बसून त्याला न्याहाळी, हात लावू पाही, आणि पुढे फ्लोने परवानगी दिल्यावर त्याला उचलून फिरवी, त्याच्याशी खेळे.

२१/
१९७१ मध्ये फिफी स्वतः आई झाली आणि गोम्बेतील सर्वांत यशस्वी मातांत तिची गणना झाली. धाकट्या भावाला सांभाळण्याची ती वर्षे म्हणजे तिची शाळाच होती. मिलीला आणि अकिलाला जे कधीच लाभले नाही, ते हेच. आफ्रिकेच्या जंगलात पकडले गेलेले प्रत्येक पिल्लू या शाळेतून उचलून आणलेले होते.

२२/
मात्र जंगल म्हणजे निव्वळ वात्सल्याचे नंदनवन, असा समजही गोम्बेने टिकू दिला नाही. १९७२ मध्ये फ्लो मरण पावली. फ्लिंट तेव्हा साधारण आठ वर्षांचा, स्वतःचे अन्न स्वतः मिळवण्याइतका मोठा होता. तरी तो खाईना, हिंडेना, आणि काही आठवड्यांत तोही मेला. पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यास त्याच गोम्बेत पॅशन आणि तिची मुलगी पॉम या माद्यांनी आपल्याच समूहातील इतर मातांची पिल्ले मारून खाल्ल्याचे नोंदवले गेले.

२३/
या क्रौर्याचा अर्थ लावण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न भारतात झाला. धारवाडच्या परिसरात काळ्या तोंडाच्या वानरांचा अभ्यास करताना जपानी शास्त्रज्ञ युकिमारू सुगियामा यांना १९६० च्या दशकाच्या आरंभी दिसले होते की, बाहेरचा नर टोळीचा ताबा घेतो तेव्हा तो आधीची तान्ही पिल्ले मारतो. हा विकृतीचा प्रकार असावा, असे अनेकांना वाटले. १९७१ पासून राजस्थानात अबूच्या वानरांचा अभ्यास करणाऱ्या सारा हर्डी यांनी निराळा विचार मांडला. पिल्लू गेले की मादी लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराची संतती जन्मते. डोळ्यांना जे वेडेपण दिसते, त्यामागे उत्क्रांतीचा निष्ठुर हिशेब असू शकतो.

२४/
हर्डी यांनी त्याच टोळ्यांत आणखी एक गोष्ट बारकाईने नोंदवली. वानरांच्या टोळीत जन्मलेले पिल्लू पहिल्या दिवसापासूनच अनेक माद्यांच्या हातांतून फिरते. विशेषतः ज्यांना अजून पिल्लू झालेले नाही अशा तरुण माद्या ते घ्यायला धडपडतात. सुरुवातीला त्या ते वेडेवाकडे धरतात, पिल्लू ओरडते, आई ते परत घेते. हळूहळू हात सरावतात. महाराष्ट्रातल्या एखाद्या गावच्या देवळाच्या कळसावर किंवा चिंचेच्या झाडावर बसलेल्या वानरांच्या टोळीकडे जरा वेळ लक्ष देऊन पाहिले, तर ही मावश्यांची शाळा आजही भरलेली दिसते.

२५/
आता पुन्हा प्राणिसंग्रहालयाकडे वळू या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयात सप्टेंबर १९७२ मध्ये पॅटी केक ही गोरिला जन्मली. आई लुलू तिला व्यवस्थित सांभाळत होती. मार्च १९७३ मध्ये आईबापांमधील ओढाताणीत पिल्लाचा हात मोडला. तिला उपचारांसाठी ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात नेले. पण बरी झाल्यावर तिला परत पाठवावे की नाही, यावर दोन्ही संस्थांत वाद जुंपला. वर्तमानपत्रांनी तो घटस्फोटातील मुलाच्या ताब्याच्या खटल्यासारखा रंगवला.

२६/
निवाड्यासाठी रोनाल्ड नॅडलर या वानरतज्ज्ञाला बोलावले गेले. त्याचा कौल आईच्या बाजूने पडला, आणि जूनमध्ये पॅटी केक लुलूकडे परत आली. लुलूने तिला जवळ घेतले. सतरा वर्षांपूर्वी कोलंबसमध्ये पिल्लू काढून घेणे हा शहाणपणा होता. १९७३ मध्ये हात मोडलेले पिल्लूही आईला परत देणे हा शहाणपणा ठरला. शास्त्राची दिशा बदलली ती येथे स्पष्ट दिसते.

२७/
पण जी माणसांच्या हाती आधीच वाढली होती, त्यांचे काय? शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयातील बिंटी जुआ ही अशीच बाटलीवर वाढलेली मादी. ती गाभण राहिली, तेव्हा रखवालदारांनी तिला एक मऊ बाहुली देऊन शिकवणी सुरू केली : छातीशी कसे धरायचे, सोबत घेऊन कसे फिरायचे, आणि हाक मारल्यावर ‘पिल्लू’ तपासणीसाठी दाराशी कसे आणायचे. १९९५ मध्ये तिला मुलगी झाली आणि तिने ती सांभाळली.

२८/
१६ ऑगस्ट १९९६ रोजी तीन वर्षांचा एक मुलगा कठड्यावरून गोरिलांच्या आवारात पडून बेशुद्ध झाला. पाठीवर स्वतःची मुलगी असलेल्या बिंटी जुआने त्याला उचलले, कुशीत धरले आणि रखवालदारांच्या दाराशी नेऊन अलगद ठेवले. मुलगा वाचला. हे दृश्य जगभर दाखवले गेले आणि वादही सुरू झाला. ही करुणा होती, असे फ्रान्स द वाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी म्हटले. बाहुलीसोबत गिरवलेला धडा तिने पुन्हा गिरवला, असे शंका घेणाऱ्यांचे म्हणणे.

२९/
या वादात एक जुने नाव आठवावे लागते. दहा वर्षे आधी, ऑगस्ट १९८६ मध्ये, ब्रिटनजवळच्या जर्सी बेटावरील प्राणिसंग्रहालयात असाच एक मुलगा पडला होता. एक धिप्पाड नर त्याच्याजवळ आला, त्याची पाठ कुरवाळली आणि इतर गोरिला व मुलगा यांच्या मधोमध उभा राहिला. मुलगा शुद्धीवर येऊन रडू लागला, तेव्हा तो नर बाकीच्यांना घेऊन दूर निघून गेला. हा नर म्हणजे बाझलचा जाम्बो, अकिलाने स्वतः वाढवलेला. एक आईने वाढवलेला, दुसरी माणसांनी वाढवलेली आणि शिकवलेली; दोघांनीही मुलाला जपले. त्यामुळे यांपैकी एकाच प्रसंगावरून मोठा सिद्धान्त उभारता येत नाही. मात्र न शिकलेल्या मादीलाही शिकवता येते, हे बिंटी जुआच्या स्वतःच्या मुलीने दाखवलेच होते.

३०/
कोलोची कहाणीही येथे पुरी होते. तिला तीन अपत्ये झाली, पण तिने त्यांपैकी एकालाही वाढवले नाही. तरी पुढे तिच्या एका नातवाला मात्र तिनेच वाढवले. १९८० च्या दशकात कोलंबस प्राणिसंग्रहालयानेच पोरक्या पिल्लांना माणसांऐवजी दुसऱ्या गोरिला मादीच्या ओटीत घालण्याची पद्धत विकसित केली. चीनमधील चेंगदू येथे जायंट पांड्याच्या बाबतीत निराळी युक्ती सापडली. पांडा मादी जुळ्यांपैकी बहुधा एकच पिल्लू सांभाळते. ही निष्ठुरता नव्हे, तिच्या दुधाची आणि बळाची मर्यादा आहे. म्हणून रखवालदार दोन्ही पिल्ले आळीपाळीने आईकडे देऊ लागले. दोघांनाही आई मिळू लागली.

३१/
तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. ओढ उपजत असते. रीत मात्र, निदान माकडे आणि वानरकुळात, मोठ्या प्रमाणावर पाहून, हाताळून आणि चुकून शिकली जाते. म्हणून आईपासून तोडलेल्या पिल्लाचे नुकसान त्याच्यापाशी थांबत नाही. ते त्याच्या पिल्लांपर्यंत जाते. आणि संयम ठेवून आई व पिल्लू यांना एकत्र राहू दिले, तर ती साखळी पुन्हा जुळू शकते.

३२/
हे ज्ञान महाराष्ट्रात आज प्रत्यक्ष वापरले जाते. तेथे प्राणी बिबट्या आहे आणि जागा उसाचा फड. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या भागांत ऊस कित्येक महिने उभा असतो. दाट सावली, पाणी, लपायला जागा. बिबट्याच्या मादीला तो जंगलाइतकाच भरवशाचा वाटतो. ती तेथे विते. तोड सुरू झाली की ऊसतोड कामगारांच्या कोयत्यासमोर अचानक डोळे किलकिले करणारे बछडे येतात.

३३/
आई दिसत नाही, म्हणून बछडे ‘सोडून दिलेले’ वाटतात. वास्तविक बिबट्या मादी दिवसा माणसांच्या गजबजाटात पुढे येत नाही. ती जवळपास दबा धरून असते किंवा शिकारीला गेलेली असते. पूर्वी असे बछडे उचलून नेले जात आणि त्यांचे पुढचे सारे आयुष्य पिंजऱ्यात जाई. बछडा सुमारे दीड-दोन वर्षे आईबरोबर राहून शिकार शिकतो. ते शिक्षण चुकले की त्याला पुन्हा रानात सोडणे फार अवघड होते. इकडे पिल्ले गमावलेली मादी शिवारात घिरट्या घालते. ते माणसांच्याही जिवावर बेतू शकते.

३४/
आता वन विभाग आणि जुन्नरजवळील माणिकडोह बिबट निवारा केंद्रातील वाइल्डलाइफ एसओएसचे पशुवैद्य बछड्यांची तपासणी करतात आणि संध्याकाळी ते जेथे सापडले तेथेच, खोक्यात किंवा क्रेटमध्ये परत ठेवतात. आसपास स्वयंचलित कॅमेरे लावून माणसे दूर सरकतात. बहुतेकदा अंधार पडल्यावर मादी येते, हुंगते, बछड्याला मानेला धरून उचलते आणि उभ्या उसात दिसेनाशी होते. एकाहून अधिक बछडे असतील तर ती पुन्हा पुन्हा फेऱ्या मारते.

३५/
या साऱ्या व्यवस्थेचा आधार शेतकऱ्यांच्या सहकार्यावर आहे. एका रात्रीपुरती तोड थांबवणे आणि गावातल्या गर्दीला आवरणे, हे वन विभागाला एकट्याने जमणारे काम नाही. उसात बछडा सापडला तर त्याला हाताळू नये, सोबत छायाचित्रे काढू नयेत, घरी तर मुळीच नेऊ नये. कामगारांनी मागे सरावे, जागा ध्यानात ठेवावी आणि महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. त्याची आई बहुधा फार लांब गेलेली नसते.